कुंपणापाशी थांबणारे पाक दार्सोनो

विश्वास ठेवा, नका ठेवू. मुर्नी माझी सख्खी मावशी. तिनं हे कुराणाची शपथ घेऊन सांगितलंय.

इंडोनेशियातलं बालिकपापन शहर. सप्टेंबर २०११. संध्याकाळचे पाच. अजून लख्ख ऊन होतं.

पाइपांचे जोड किरणांनी तपासणाऱ्या एका कंपनीत मावशी सुरक्षा अधिकारी होती. त्या मे महिन्यात, काम झाल्यावर किरणं सोडणारा दाणा त्याच्या पेटीत परतलाच नाही. नळीतच अडकला. तिथले कामगार पाक दार्सोनो (तिकडे पुरुषाला मानानं 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'), त्यांना कळलं नाही. नळी गळ्यात अडकवून ते गाडीपर्यंत चालत गेले.

किरणं मोजायचं यंत्र बंद होतं.

त्याची दुरुस्ती कामांच्या यादीत तिसरी होती. आधी नवे फलक, मग दोऱ्या.

यादी मावशीनं केली होती.

सात आठवड्यांत पाक दार्सोनो गेले.

आणि सप्टेंबरात त्यांच्या बायकोचा, लास्त्रीचा, फोन आला.

"बू मुर्नी, घरी येता? तुमचं ते यंत्र घेऊन या."

मावशी गेली. लास्त्रीनं पोरांना आत कोंडलं होतं.

"रोज येतात," ती म्हणाली. "कुंपणापाशी थांबतात. मी पुढे गेले की मागे सरतात. जिवंतपणी हट्टी, मेल्यावरही तेच!"

हसायला गेली. हसू आलं नाही.

पिंजऱ्यातला होला घुमत होता...

एकदम गप्प झाला.

कुंपणापाशी कामावरचं नारिंगी जाकीट. मान एका बाजूला कललेली.

मावशीच्या हातातलं यंत्र... टिक.

तिनं एक पाऊल टाकलं.

टिक. टिक. टिकटिकटिक...

त्यांनी तळहात वर केला. मागे व्हा.

"पाक, माफ करा मला," मावशी पुटपुटली.

ते दोन पावलं मागे सरले. टिकटिक मंदावली.

लास्त्रीनं मावशीचा दंड धरला. "किती लांब राहायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना त्यांना? मग सांगा, बू. जवळ कधी येता येईल?"



दुसऱ्या दिवशी मावशीनं दोन यंत्रांनी अंगण पालथं घातलं. माती, कुंपण, विहीर.

काहीच नाही.

तिनं नोकरी सोडली. लास्त्री पोरांना घेऊन बांजारमासिनला भावाकडे गेली.

परवा तिचा मावशीला फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"इथंही येतात, बू. पण इथं अंगणच नाही. मग रस्त्यापलीकडे उभे राहतात."

मावशीनं फोन कानाशी आणखी दाबला.

"काहीतरी बोलतात हो... पण मधून गाड्या जातात. ऐकूच येत नाही."