खरवडलेले डोळे

हे घडलं तेव्हा लख्ख दुपार होती. आधीच सांगते, कारण असं काही ऐकलं की लोक मनातल्या मनात अंधार करून घेतात. मंगळवार होता. पावणेतीन वाजले होते. पोलिसांना हे पटलं नाही, माझ्या सख्ख्या भावालाही पटलं नाही. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

माझे बाबा जुन्या चर्चमधल्या चित्रांच्या हातानं नकला करायचे. पाचशे वर्षांपूर्वीची, लाकडी फळीवर रंगवलेली चित्रं. फळी सुतारकाका करून द्यायचे; त्यांचा कारखाना आमच्या खालीच. बाबा तिच्यावर खडू आणि सरसाचा लेप चढवायचे, अंड्याच्या बलकात रंग कालवायचे आणि महिनोन् महिने एकाच फळीपुढे बसायचे. मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. मी त्यांच्या चुका काढायचे, म्हणून बाबा मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे.

त्यांची नजर अधू होत चालली होती. आदल्या वर्षी एक चित्र गिऱ्हाइकानं परत पाठवलं. त्यानंतर दोन महिने बाबा जेवतानासुद्धा बोलले नाहीत.

मग एका फादरनी काम दिलं. खांबाला बांधलेला येशू, आणि त्याला फोडून काढणारे तिघं. एकाच्या हातात चाबूक, दुसऱ्याच्या छड्यांची जुडी, तिसऱ्याच्या हातात गाठी मारलेला दोर.

मूळ चित्रात त्या तिघांचे डोळे खरवडलेले होते. पार लाकूड दिसेपर्यंत.

"भाविकांनी केलंय," बाबा म्हणाले होते. "नखांनी, सुरीनं. बघवायचं नाही त्यांना."

बाबांनी ते ओरखडेही जसेच्या तसे उतरवले. फादरना मात्र चित्र नव्यासारखं हवं होतं, डोळ्यांसकट. बुधवारी ते न्यायला येणार होते.

मंगळवारी सकाळी आमचं वाजलं.

"बाबा, सहा तर डोळे काढायचेत. हेही परत आलं तर?"

"मी नक्कल करतो, डागडुजी नाही. ज्यांना कुणी मुद्दाम आंधळं केलंय, त्यांना मी कशाला डोळस करू?"

"नजर उरली नाही म्हणून जमत नाही, असं सरळ म्हणा ना!"

त्यांनी टोपी घातली आणि फिरायला निघून गेले.

मी त्यांच्या कामाच्या खोलीत गेले. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि सहाही डोळे काढले. तासाभरात झाले.

हे त्यांच्यासाठी करते आहे, असं मी मनाशी म्हणत होते.

जेवणानंतर बाबा व्हार्निश लावायला आत गेले. ओल्या व्हार्निशला धूळ चिकटते, म्हणून खिडक्या बंद करून दाराला आतून कडी घालायची त्यांची रीत होती. मी भांडी घासत होते.

आतून त्यांचा आवाज आला. "हे कुणी केलं?"

आता ओरडणार, म्हणून मी हात थांबवले...

सप्.

मला वाटलं, फडकं झटकलं असेल.

सप्... सप्.

मग बाबा म्हणाले, "थांबा. थांबा हो."

मी धावले. दार ढकललं, लाथा घातल्या. आत काहीतरी ओलं फाटल्यासारखा आवाज होत होता. बाबा ओरडत होते. नंतर ओरडायचेही थांबले. आवाज मात्र थांबला नाही.

सुतारकाका पहार घेऊन वर आले. कडी उखडली.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

बाबा गुडघ्यांवर होते. चित्र टेकवायच्या लाकडी घोड्याचा उभा दांडा दोन्ही हातांनी कवटाळलेला. शर्टाच्या चिंध्या झाल्या होत्या. पाठीवरची कातडी जागोजागी उकललेली. भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत रक्ताचे शिंतोडे.

"कोण होतं?" काका किंचाळले.

आणि आमच्या डोळ्यांदेखत... बाबांच्या खांद्यावर एक नवी रेघ उमटली. आधी पांढरी. मग लाल. मग ती उघडली.

काकांच्या हातातून पहार पडली.

मी रंग खरवडायची सुरी उचलली आणि चाबूकवाल्याच्या डोळ्यांत घातली. व्हार्निश अजून ओलं होतं. मागे बाबांवर एक फटका बसला, दुसरा बसला. मी छड्यावाल्याचे डोळे खरवडले. सुरी निसटून माझी दोन बोटं कापली, तरी मी खरवडत होते. शेवटी दोरवाला. त्याच्या उजव्या डोळ्याखाली लाकूड दिसलं, आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता.

डॉक्टर म्हणाले, जखमा तीन प्रकारच्या आहेत. तीन वेगवेगळ्या वस्तूंनी मारलंय, तीन बाजूंनी.

काकांनी पोलिसांना एवढंच सांगितलं, की दार आतून बंद होतं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बाकीचं कोण मानणार, पोरी?" उखडलेल्या कडीवर पोलिसांनी विश्वास ठेवला नाही; मग घरात उरलं कोण? मीच. दादानं हॉस्पिटलच्या जिन्यात मला विचारलं, "एकदाच खरं सांग, तू हात उचललास का?" मी नाही म्हटलं. तो माझ्या बोटांच्या पट्टीकडे बघत राहिला.

एक गोष्ट मी त्यालाही सांगितली नाही.

डोळे काढायला नमुना लागतो. मूळ चित्रात तर ते नव्हतेच. मी आरसा समोर ठेवला आणि स्वतःचे काढले. मारणाऱ्याची नजर हवी होती, म्हणून सकाळचं भांडण आठवलं. मग परत आलेलं चित्र, जेवणावरचा अबोला, माझी सगळी वर्षं... एकेक आठवत गेले. नजर आपोआप आली.

तिसऱ्या दिवशी बाबांना शुद्ध आली. पालथे झोपवले होते. गाल उशीवर, तोंड माझ्याकडे.

"तिघांचेही तुझेच होते," ते म्हणाले. "एवढा राग होता तुला?"

"नाही हो, बाबा."

त्यांची ती अधू नजर माझ्यावरून जराही हलली नाही.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "नक्कल हुबेहूब जमलीय."

दुपारी चार वाजता ते गेले.

दादा अजून अधूनमधून फोन करतो. दर वेळी तेच विचारतो, बाबा शेवटी काय म्हणाले?

मी सांगते, कामाबद्दल बोलत होते.