थंड झालं की उठवा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. मला वाद घालायचा नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या, आप्पाच्या घरात हे घडलं. काळोख्या रात्री वगैरे नाही. ऐन उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत.

आप्पा बस डेपोत मेकॅनिक होता. राग कायम नाकावर. वहिनीसमोर मात्र मांजर.

वहिनी आजारी पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला उकाडा सोसणार नाही. आप्पानं मागच्या खोलीत एसी बसवून घेतला. आणि उन्हाळा तापला तसा त्यातून गरम वारा यायला लागला.

आप्पानं फिल्टर काढून धुतला. बाहेरच्या युनिटच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली. रिमोटला नवे सेल घातले. मेन बटण पाडून पुन्हा वर केलं.

वारा गरमच.

कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज आला.

"सर, फिल्टर साफ केला का?"

"केला."

"एकदा बंद करून पुन्हा चालू केला का?"

"बाई, सगळं केलं. माणूस पाठवा. घरात आजारी माणूस आहे."

"तक्रार नोंदवली आहे सर. उद्या माणूस येईल."

तो उद्या काही उजाडला नाही. रोज फोन, रोज तोच गोड आवाज, रोज 'फिल्टर साफ केला का'. बाहेरचे मिस्त्री म्हणायचे, सीझन आहे, पुढच्या आठवड्यात बघू. आप्पा दिवसभर ओल्या पंच्यानं वहिनीचं अंग पुसत बसायचा.

त्या दुपारी वहिनी म्हणाली, "अहो, मी जरा डोळा लावते. थंड झालं की उठवा मला."

"उठवतो," आप्पा म्हणाला.

ती उठली नाही.

सगळं आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. "मॅडमच्या नावानं तक्रार आहे."

"मॅडम गेल्या," आप्पा म्हणाला. "आता काय त्यांच्या फोटोला वारा घालतोस?"

त्याची बॅग जिन्यावरून खाली गेली. तिच्यामागे तोही गेला.

आप्पानं एसीचं बटण पाडलं, खोलीला कुलूप घातलं. मग कंपनीचे फोन सुरू झाले. "सर, तक्रार बंद करू का?"

"करून तर बघ!" आप्पा ओरडायचा आणि फोन आपटायचा.

मी त्याच्या सोबतीला राहायला गेलो, त्यानंतरची ही गोष्ट. दुपार होती. वाऱ्याचं नाव नाही. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत घाम पुसत बसलो होतो.

आणि...

टप.

आवाज मागच्या गॅलरीतून आला. एसीचं पाणी पडायची नळी तिथंच होती. तिच्याखाली वहिनीनं बादली ठेवलेली. त्या पाण्यानं ती फरशी पुसायची. खोली थंड व्हायला लागली की नळीतून थेंब पडतात, हे आप्पाला पक्कं माहीत. एसी बिघडला तेव्हापासून बादली कोरडी होती.

टप... टप...

"कोणी चालू केला?" आप्पा उठला.

"बटण तर पाडलेलंच आहे," मी म्हणालो.

त्यानं कुलूप काढलं.

खोली गार होती. पाठीवरचा घाम झटकन थिजला, इतकी गार. एसीची झडप मिटलेली. दिवा नाही. पंख्याची घरघर नाही. कॉटवरची चादर आप्पानं नीट केली होती तशीच. फक्त बाहेर ते... टप... टप.

आप्पानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि त्याच्या दांड्यानं एसीला बडवायला सुरुवात केली.

"आता? आता थंड करतोस, हरामखोरा? तेव्हा कुठं मेला होतास?"

प्लास्टिकचे तुकडे कॉटवर उडाले. गारवा तसूभरही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातला एक मिस्त्री धरून आणला. त्यानं बाहेरचं युनिट तपासलं आणि आत येऊन म्हणाला, "काका, पाइपला चीर आहे. गॅस सगळा उडालाय. हा नुसता वारा फेकणार, थंड करणं याच्या बापाला जमायचं नाही."

मग तो दंड चोळायला लागला.

"पण मग... ही खोली गार कशी?"

"तुला विचारलं का?" आप्पा गुरगुरला. "काढ ते. मुळासकट काढ."

मिस्त्रीनं आतलं काढलं, बाहेरचं काढलं, नळी ओढून काढली. भिंतीच्या भोकात सिमेंट भरलं आणि चहालाही न थांबता गेला.

पुढची दुपार.

टप...

नळी नव्हती. एसी नव्हता. बादली अर्धी भरली होती.

आप्पानं खोलीचं दार उघडलं, पण आत गेला नाही. उंबऱ्यावर उभा राहिला. चेहरा रागानं लाल.

"आप्पा," मी हळूच म्हणालो, "वहिनी काय म्हणाली होती, आठवतंय ना?"

"गप्प बस."

"खोली थंड झालीय, आप्पा."

"गप्प बस म्हणतो ना! मी हाक मारली आणि ती नाही उठली तर?"

मग आवाज उतरला.

"आणि... उठली तर?"

आप्पानं चौकट घट्ट धरली आणि डेपोत ओरडायचा तसा ओरडला.

"अगं, झालं थंड! ऊठ आता!"

थेंब थांबले.

सगळं शांत.

मग कॉट करकरली. कुणी पाय खाली सोडून बसावं तशी...

आमच्या दोघांच्या मधून काहीतरी गार सरकत बाहेर गेलं. बघता बघता खोली भट्टीसारखी तापली. त्यानंतर ती पुन्हा कधी थंड झाली नाही.

पण बाहेरच्या खोलीत आप्पाच्या शेजारी एक खुर्ची असते. बाहेर ऊन आग ओकत असलं तरी तिचा हात माठासारखा गार लागतो. मी त्या खुर्चीवर बसत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिथंच होतो. फोन वाजला. आप्पानं स्पीकर लावला. तोच गोड आवाज.

"सर, तुमची एसीची तक्रार अजून उघडीच दिसतेय. बंद करू का?"

या वेळी आप्पा ओरडला नाही. शेजारी वळला.

"काय गं, करू का बंद?"

खुर्ची जराशी करकरली.

"नाही म्हणते," आप्पा फोनवर म्हणाला. "तिलाच बोलायचंय तुमच्याशी. धरा."

त्यानं फोन खुर्चीच्या हातावर ठेवला.

"हॅलो? बोला मॅडम..." तिकडून आवाज आला.

मग बराच वेळ काही नाही. खोलीत कोणी बोलत नव्हतं. मी श्वास रोखून ऐकत होतो, शप्पथ सांगतो, कोणी बोलत नव्हतं.

मग पलीकडची बाई रडायला लागली.

"हो मॅडम... नाही मॅडम... आमचं चुकलं, मॅडम..."

आप्पा हाताची घडी घालून शांत बसला होता. वहिनी कुणाला फैलावर घ्यायची, तेव्हा बसायचा तसा.