काट्याच्या टोकाची पेशी

बावीस वर्षं मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोय आणि एवढ्या वर्षांत माझं डोकं एकाच गोष्टीवरून फिरत आलंय. पोरं मायक्रोस्कोपमध्ये बघतात आणि चित्र पुस्तकातलं काढतात. समोर कांद्याच्या मुळाचं चेपलेलं टोक असतं, कुठे रंग जास्त, कुठे हवेचा बुडबुडा. आणि वहीत? इस्त्री करून घडी घातल्यासारख्या पेशी! मी सरळ लाल रेघ मारतो. दिसतं तेवढंच काढा, हा माझा कायदा. जर्नलवर माझी सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे कायदा सगळे पाळतात, निदान माझ्या तोंडावर तरी.

पेशीविभाजनाच्या प्रात्यक्षिकाला खिडकीजवळचा एक मायक्रोस्कोप मी स्वतः लावतो. त्याच्या भिंगात बारीक काटा बसवलेला आहे. जी पेशी दाखवायची तिच्यावर काट्याचं टोक आणायचं आणि मग आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. सगळ्या तुकड्या येऊन तीच पेशी बघतात. स्लाइड माझ्या सरांच्या हातची, मी विद्यार्थी होतो तेव्हाची. मुळाचं टोक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात बुडवलं की प्रत्येक पेशी असेल त्या अवस्थेत मरते आणि तशीच राहते. मग तिला रंग द्यायचा, वर राळेचा थेंब, त्यावर काच. यंदा मी काट्याखाली मध्यावस्था आणली होती. गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका ओळीत उभी, आता दोन्हीकडे ओढली जाणार, अगदी त्या क्षणाची. एवढ्याशा जागेत एवढी शिस्त! अजूनही बघताना माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला सांगू.

यंदाच्या वर्गात एक मुलगी होती. बाकीचे तिला दुर्बीण म्हणायचे, कारण ते दोन मिनिटांत उठायचे आणि ही अर्धा अर्धा तास भिंगाला डोळा लावून बसायची. बोलणं कमी. तिची आई मला एकदा भेटून गेली होती. “घरात एवढं शिकणारी ही पहिलीच, सर. हे वर्ष वाया गेलं तर हिचे वडील हिला पुन्हा पाठवायचे नाहीत,” एवढंच म्हणाली होती.

सोमवारी तिनं मध्यावस्थेचं चित्र दाखवलं. गुणसूत्रांची ओळ जराशी तिरकी होती तशीच तिरकी, बुडबुडासुद्धा जागच्या जागी. मी भर वर्गात म्हणालो, “बघा रे, नजर म्हणतात ती ही!” ती लाजली. त्यानंतर रोज मोकळ्या तासाला येऊन ती तिथेच बसायला लागली.

शुक्रवारी वर्गात तिचं जर्नल तपासायला घेतलं तर आत आणखी दोन चित्रं. एकात गुणसूत्रं दोन्ही टोकांकडे निघालेली. दुसऱ्यात टोकांना दोन पुंजके आणि मधे भिंतीची पुसट रेघ. प्रत्येकाखाली वार आणि वेळ लिहिलेली.

“चित्रं झकास आहेत,” मी म्हणालो. “कुठल्या पुस्तकातली?”

“काट्याखालची आहेत, सर.”

“काट्याखाली मध्यावस्था आहे. मी लावलीय.”

“सोमवारी होती, सर.”

वर्ग फिदीफिदी हसला आणि माझा पारा चढला. “मेलेली पेशी पुढे सरकते होय? मला काय दूधखुळा समजलीस?” मी दोन्ही पानांवर लाल रेघा ओढल्या. “या जर्नलवर माझी सही मिळणार नाही.”

ती रडली नाही. हळूच म्हणाली, “सर, एकदा बघा ना.”

“बघायची काही गरज नाही!”

हे मी म्हणालो. बावीस वर्षं ‘बघा, बघा’ म्हणून घसा कोरडा करणारा मी. स्टाफरूममध्ये चहा समोर आला. कप तसाच ठेवला आणि परत प्रयोगशाळेत गेलो. दुपारचे साडेतीन वाजले होते. प्रयोगशाळेचे मामा परीक्षानळ्या विसळत होते.

“मामा, काट्याच्या मायक्रोस्कोपला कुणी हात लावला होता?”

“कुणाची टाप आहे, सर? तुमचा स्वभाव काय लोकांना ठाऊक नाही?”

मी वाकलो. बुडबुडा जागेवर होता. आजूबाजूच्या पेशी मला तोंडपाठ, त्याही जशाच्या तशा.

काट्याच्या टोकाशी दोन पेशी होत्या. मधे भिंत पूर्ण झालेली.

स्लाइड काढून बघितली. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझ्या सरांचंच अक्षर. काच नखानं ढकलून पाहिली, राळ दगडासारखी घट्ट. पुन्हा लावली. दोनच.

मामांना सांगून मी मुलीला बोलावून घेतलं. तिच्या जर्नलमध्ये लाल रेघेच्या शेजारी लिहिलं, ‘निरीक्षण बरोबर. चूक शिक्षकाची.’ खाली सही केली. असं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, पण लिहिताना जड गेलं नाही.

“चुकलो मी,” मी म्हणालो. “पण हे झालं कसं?”

तिनं जर्नल छातीशी धरलं. मान खाली. “सोमवारी मला वाईट वाटलं, सर. इतकी वर्षं बिचारी अर्ध्यावर अडकलेली. मी नुसती बघत राहिले. मग ती पुढे सरकली. मी उठले की थांबायची.”

“आणि बाजूच्या पेशी?”

“त्यांच्याकडे नाही बघितलं.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट भरूनच आलं. “अगं, अशी नजर कुणाला मिळते! मान वर कर. माझ्याकडे बघून बोल.”

“नको, सर.”

“का गं?”

“उद्यापासून मी मागच्या बाकावर बसू?”

“पण का?”

“तुमच्या कपाळावर तो तीळ आहे ना,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “तुम्ही शिकवताना माझी नजर तिथेच असायची, सर. वर्षभर.”

माझा हात कपाळाकडे गेला. जन्मापासूनचा तीळ, अगदी सपाट. बोट फिरवलं तर कधी लागायचा नाही.

लागला.