वीरगळावरची शेपटी

बोटाला लागतं पण डोळ्याला दिसत नाही, असं काय असेल बरं? वारा म्हणाल तर चुकलात. अन्वीही आधी वारा म्हणूनच मोकळी झाली होती.

आता ती कोरेवाडीच्या वेशीबाहेर वीरगळापुढे (लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडापुढे) उकिडवी बसली होती. दगडाच्या सर्वांत खालच्या चौकोनात एक वीर होता. म्हणजे असावा, कारण दगड चांगलाच झिजला होता. वीराच्या पायांशी बोट फिरवलं की एक बारीक उंचवटा लागायचा. डोळे फाडून पाहिलं तरी तिथं काही दिसत नव्हतं.

"लागतंय ना?" आजोबांनी विचारलं.

"लागतंय. पण कशाचं आहे ते?"

"कुत्र्याचं असावं. तेच तर मला कळायला हवंय."

अन्वीचे आजोबा, सुहासराव, जन्मभर प्रयोगशाळेत प्रकाशाचा अभ्यास करत आले होते. ताऱ्यांचा उजेड मोजणारी यंत्रं त्यांनी बनवली होती. आता मात्र दिवेलागणीनंतर त्यांना स्वतःलाच धूसर दिसायचं. चार दिवसांसाठी ते अन्वीला घेऊन आपल्या धाकट्या बहिणीकडे, मनीआजीकडे, आले होते. येताना त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून तिवईलाही आणलं होतं. तिवई म्हणजे तीन पायांचा, एका डोळ्याचा, फोटो काढणारा यंत्रमानव. बोलायला पोपटासारखी, आणि मध्येच तोंड घालण्याची सवयही तशीच.

"मनी आठ वर्षांची असताना," आजोबा सांगू लागले, "रोज शेतावर जाताना भाकरीचा एक तुकडा इथं ठेवायची. वीराच्या कुत्र्यासाठी. आमच्या गावची रीतच होती ती, पण बाकीचे फक्त बेंदराला, बैलांच्या सणाला, ठेवायचे आणि ही रोज. मग एका वर्षी सुंदर गावाची स्पर्धा निघाली. तरुण मंडळाचा अध्यक्ष कोण? मी! सोळा वर्षांचा, उत्साह शंभर, अक्कल शून्य. आम्ही तारेचे ब्रश आणले, ॲसिड आणलं, शेंदराचे थर खरवडून काढले आणि वर चंदेरी ऑइलपेंट फासला. दगड कसा लखलखीत! मनी आली, बघत राहिली, म्हणाली, 'दादा, कुत्रं कुठं गेलं?' मी हसलो. त्या दिवसापासून तिनं इथं भाकरी ठेवली नाही. पंचावन्न वर्षं झाली, पोरी. तो रंग केव्हाच उडून गेला. आमचं बोलणंचालणं सगळं आहे, पण त्या कुत्र्याचं नाव काढलं की ती उठून आत जाते."

आजोबांना असं ओशाळलेलं अन्वीनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं तिवईला समोर उभं केलं आणि फ्लॅश मारून फोटो काढला.

फोटोत दगड पापडासारखा सपाट आला होता. मागे पाण्याची टाकी, विजेचा खांब आणि आजोबांची अर्धी चप्पल मात्र झकास आली होती.

"चपलेचा फोटो उत्तम," तिवई म्हणाली.

"गप गं!" अन्वी म्हणाली. "आजोबा, उजेड तर भरपूर पडला होता."

"भरपूर पडला, पण समोरून. घरात बारीक काच फुटली तर तुझी आई काय करते?"

"दिवा घालवते आणि बॅटरी फरशीला टेकवून धरते. मग कणाकणाची लांब सावली पडते."

"मग झालं तर! समोरून येणारा उजेड उंचवट्याची सावली त्याच्याच मागे दडवतो. कडेने, जवळजवळ दगडाला घासून येणारा तिरपा प्रकाश नखाएवढ्या उंचवट्याचीही बोटभर सावली पाडतो. आपल्याला कुत्रं दिसणार नाही, त्याची सावली दिसेल."

अन्वीनं लगेच बॅटरी दगडाच्या कडेला धरली. फारसा फरक पडला नाही. अजून सूर्य मावळायचा होता आणि आभाळाचा उजेड चहूकडून येऊन सावली पुसून टाकत होता. आजोबा म्हणाले, "थांबू. अंधाराला आपलं काम करू दे."

सूर्य मावळला. आभाळ फिकट जांभळं झालं. अन्वीनं बॅटरी दगडाच्या कडेला एका विटेवर आडवी ठेवली आणि तिवईनं फोटो काढला. या वेळी तो काळाकुट्ट, आणि वर रवा सांडल्यासारखे ठिपकेच ठिपके.

"उजेड कमी, म्हणजे फोटॉन (प्रकाशाचे सुटे कण) कमी," आजोबा म्हणाले. "नळाला थेंब थेंब पाणी येत असेल तर?"

"हंडा बराच वेळ खाली ठेवायचा."

"तसाच तिवईचा डोळा वीस सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्यात ती तसूभर हलली तर सगळं पुसट होईल. म्हणून तर तिला तीन पाय दिलेत. जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय टेकतातच."

"आणि हा रवा?"

"तो यंत्राचा गोंधळ. त्यासाठी एकाच जागेवरून सोळा फोटो काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. खरी रेघ सोळाही फोटोंत त्याच जागी सापडेल. रवा मात्र दर वेळी वेगळीकडे सांडेल आणि सरासरीत चौथ्या हिश्श्यावर येईल, कारण सोळाचं वर्गमूळ चार."

आता राहिली फोटोची चौकट. अन्वीनं टाकी आणि खांब वगळण्यासाठी तिवईला डावीकडे सरकवलं. मग वीर ज्या बाजूला तोंड करून उभा होता, त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडली, नाहीतर तो फोटोच्या कडेला धडकेलसा वाटत होता. तरीही काहीतरी चुकत होतं. फोटो वरून खाली वाकून बघितल्यासारखा येत होता.

"खाली घे," आजोबा हळूच म्हणाले. "अजून खाली. मनी इथं मांडी घालून बसायची. तिचे डोळे जिथं असतील, तिथं आण."

तिवईनं पाय आखडले. अन्वीनं श्वास रोखला. सोळा वेळा वीस सेकंद, म्हणजे पाच मिनिटांच्या वर. तेवढा वेळ दोघंही पुतळ्यासारखी उभी होती. मग तिवईच्या सुट्या पडद्यावर हळूहळू दगड उमटला.

वीर स्पष्ट दिसला. त्याच्या कमरेची गाठसुद्धा दिसली. त्याच्या पायांशी एक वर वळलेली शेपटी होती आणि एक पंजा होता. बाकी सगळीकडे बारीक, समांतर ओरखडे होते. शेपटीपेक्षा तेच जास्त ठळक दिसत होते.

"हे काय आहे?" अन्वीनं विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"माझा ब्रश," आजोबा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसायची काही गरज नव्हती.

"उरलेलं कुत्रं मी पूर्ण करू शकते," तिवईनं तोंड घातलं. "मी हजारो वीरगळ पाहिलेत." आणि पडद्यावर अख्खं कुत्रं उभं राहिलं, कान टवकारलेलं, तोंड पुढे केलेलं. इतकं सुंदर की अन्वीनं टाळीच वाजवली. "आजोबा, हेच दाखवू या मनीआजीला! ती किती खूश होईल!"

आजोबा पडद्याशी वाकले. "दाखवू या का?" ते पुटपुटले. "तिला तरी काय कळणार आहे?"

अन्वीनं पडदा जवळ धरला. "त्याचे कान असेच होते का हो?"

आजोबांनी मान हलवली. "मला नाही आठवत, अन्वी. रोज या वाटेनं जायचो, पण त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही. न बघताच खरवडलं मी." मग ते एकदम म्हणाले, "पुसून टाक ते. जे होतं ते एकदा घालवलं, आता जे नव्हतं ते उभं नाही करायचं. प्रकाश उरलेलं दाखवतो. गेलेलं परत आणत नाही."

अन्वीनं पुसलं. तिला मनातून फार वाईट वाटलं, कुत्र्यासाठीही आणि आजोबांसाठीही.

घरी मनीआजी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आजोबांनी पडदा तिच्यापुढे धरला. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि बघितलं.

"ह्ये वरखडं तुझ्या बुरशाचं व्हय?"

"हो. चुकलं माझं, मने."

"पंचावन्न वर्सं लागली व्हय रं दादा, ह्ये म्हणाया?" आजोबांनी मान खाली घातली.

मग मनीआजी पडद्याशी वाकली. "आगं बया, शेपूट हाय की! वरच हुती, आशीच." तिचं बोट शेपटीवरून पुढे सरकत ओरखड्यांत शिरलं आणि तिथं थबकलं. "आन् त्वांड मागं वळिवल्यालं. फुडं न्हाई, मागं. धन्याकडं बघत हुतं त्ये."

अन्वीनं तिवईकडे पाहिलं. तिवईचं कुत्रं तर पुढे बघत होतं! ते दाखवलं असतं तर? तिनं वही काढली आणि दोन रकाने आखले. एकात लिहिलं, 'दगड सांगतो ते', दुसऱ्यात 'मनीआजी सांगते ते'. दुसरा रकाना भराभर भरत गेला. डावा कान जरा तुटका. गळ्यात पट्टा. तिवई चक्क गप्प राहून ऐकत होती.

"पुढेमागे दगडाच्या आतलं बघणारं यंत्र निघेल," अन्वी म्हणाली. "तेव्हा ही वही ताडून बघता येईल. मीच बनवीन ते."

"बनीव की," मनीआजी म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी काढली, चतकोर मोडली आणि आजोबांच्या हातावर ठेवली.

"जा, ठिवून ये. खरवडलंस तू, तवा तूच ठिव."

आजोबा उठले. बाहेर आता चांगलाच अंधार पडला होता. अन्वीनं बॅटरी घेतली आणि वाकून, जमिनीला जवळजवळ टेकवून धरली. वाटेवरच्या एकेका खड्याची लांब सावली पडली, आणि आजोबा भाकरी सांभाळत वेशीकडे चालू लागले.