दाराने न विचारलेला प्रश्न

शनिवारी ज्या तळहाताला पाहून दार उघडलं होतं, तोच तळहात रविवारी त्याच दाराला चालेना. हात तोच, दार तेच. मग बदललं काय?

अकरा वर्षांच्या चार्वी खोबरेकरला तेव्हा हा प्रश्न पडायलाही उसंत नव्हती. ती काचेला नाक लावून उभी होती आणि आत प्रवाळं मरत होती.

समुद्र तापत चालला, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर हे प्रवाळ केंद्र उभं राहिलं. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण असतो तो प्राणी. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देतं आणि रंगही. पाणी फार तापलं की प्रवाळ या शैवालाला अंगाबाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि हळूहळू उपाशी मरतं. याला विरंजन (रंग उडून जाणं) म्हणतात. खडकांवरची उरलीसुरली प्रवाळं म्हणूनच केंद्रातल्या टाक्यांत, चिलर नावाच्या यंत्राने थंड करून खेळवलेल्या पाण्यात जपून ठेवली होती. त्यांची देखभाल करायची चार्वीची आई, हेमांगी.

त्या रविवारी केंद्रातल्या सगळ्यांसारखी हेमांगीचीही सुट्टी होती. मायलेकी किनाऱ्याने मावशीकडे निघाल्या होत्या. केंद्रामागून जाताना आई एकदम थबकली.

"अगो, चिलरचा आवाज येत नाहीये."

ती धावत दारापाशी गेली आणि भिंतीवरच्या हजेरीयंत्रासमोर तिने तळहात धरला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'हेमांगी खोबरेकर. आज आपली साप्ताहिक सुट्टी आहे. प्रवेश नाही.'

"ओळखतंय की ते तुला!" चार्वी ओरडली. "नाव लिहिलंय तुझं!"

आईने पुन्हा हात धरला. पुन्हा. पुन्हा. मग व्यवस्थापकांना फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. मुख्य कार्यालयाला लावला, तर यंत्राचा गोड आवाज म्हणाला, "आपली विनंती नोंदवली आहे." काचेपलीकडे पाणी डबक्यासारखं निपचित पडलं होतं आणि प्रवाळांच्या फांद्यांवर चिकट पापुद्रा धरला होता.

चार्वीने कुंपणाशी पडलेला चिऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी उचलून आणला. "आई, फोड काच!"

आईने तो घेतला. खांद्यापर्यंत उचललासुद्धा. मग तिची नजर दारावरच्या कॅमेऱ्याकडे गेली. हात खाली आला.

"नोकरी जाईल, चार्वी," ती म्हणाली.

परवानगी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दार उघडताच कुजका, उबट वास अंगावर आला. कोपऱ्यातली एक टाकी कशीबशी वाचली होती. बाकी सगळं संपलं होतं.

सोमवारी केंद्राने चौकशी होईपर्यंत हेमांगीला घरी बसवलं. कारण सांगितलं, 'सुट्टीच्या दिवशी प्रवेशाचा वारंवार प्रयत्न.' चार्वी ऐकून संतापली, पण तिचा निम्मा राग आईवरच होता. दगड खाली का ठेवलास? हे ती विचारत नव्हती. ती आईशी बोलतच नव्हती.

चौकशीसाठी पुण्याहून डॉ. इरावती मुणगेकर आल्या. अशी दारं बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. हेमांगीची बाजू ऐकायला त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दार मी तपासलं. त्याचं काही चुकलेलं नाही."

"चुकलं नाही?" चार्वी उसळून म्हणाली. "आजी, सगळी मेली!"

"बस इथे," इरावतीआजी म्हणाल्या. "दार काय करतं ते आधी समजून घे. मग भांड माझ्याशी."

त्यांनी चार्वीचा तळहात हातात घेतला. "यंत्र यावर अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, तांबड्या रंगापलीकडचे किरण) सोडतं. शिरांमधलं रक्त ते किरण शोषून घेतं, म्हणून यंत्राला शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. या रेघांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. त्यावरून यंत्र पहिला प्रश्न सोडवतं, कोण? दुसरा प्रश्न, कुठे? या माणसाला या खोलीत जायची मुभा आहे का? आणि तिसरा, केव्हा? त्यासाठी ते आपल्या घड्याळात बघतं. आज याची पाळी आहे का? तिन्ही उत्तरं जुळली तरच कुलूप सुटतं. तुझ्या आईची दोन जुळली."

"पण वेळ विचारायचीच कशाला? हा कसला दुष्ट नियम?"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. "तो नियम आम्हीच मागितला होता," आई म्हणाली.

चार्वीने वळून पाहिलं.

"पूर्वी दारांना घड्याळ नव्हतं. साहेब केव्हाही बोलवायचे. सुट्टी असो, घरात कुणी तापाने फणफणलेलं असो, नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही बायकांनी संप केला. पाळी संपली की दार बंद, ही आमची मागणी. घोषणा मीच द्यायचे."

चार्वी पुन्हा आजींकडे वळली.

"आणि चिलर बंद पडल्याचा इशारा?" तिने विचारलं. "तो कुणालाच कसा नाही गेला?"

"निघाला होता," इरावतीआजी म्हणाल्या. "जो कामावर असेल त्याला कळव, असं यंत्राला शिकवलेलं. त्याने घड्याळाला विचारलं, कामावर कोण आहे? घड्याळ म्हणालं, कुणी नाही. इशारा सोमवारची वाट बघत बसला."

"म्हणजे सगळेच बरोबर आणि प्रवाळं मेली?"

"हो," इरावतीआजी म्हणाल्या. त्यांनी त्यावर साखर पेरली नाही. "चौथा प्रश्न दाराला कुणी शिकवलाच नव्हता. का? का यायचंय आत?"

"मग शिकवा ना!"

"तुझी आई म्हणेल पाणी तापलंय. चोरही तेच म्हणेल. खरं कोण, हे दाराने कसं ठरवायचं?"

चार्वीने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. मग तिने विचारलं, "आत आग लागली तर? आतली माणसं अडकतील?"

"नाही. दार धरून ठेवतो विद्युतचुंबक (वीज वाहते तोवरच चुंबक होणारं लोखंड). आतल्या बाजूला एक बटण असतं. ते दाबलं की वीज तुटते आणि दार सुटतं. तिथे कुणी कारण विचारत नाही."

"मग तसलं बटण बाहेरही लावा, भोंगा जोडून. आधी उघडा, कारण नंतर विचारा. कुणी दाबलं ते कॅमेऱ्यात दिसेलच. भोंगा वाजला की चोर थांबेल होय?"

इरावतीआजी तिच्याकडे बघत राहिल्या. "असं करता येतं," त्या हळूच म्हणाल्या. "खर्च वाचवायला करत नाहीत. आणि ऐक, कॅमेऱ्यात मी सगळं पाहिलंय. दगड उचलायची वेळ तुझ्या आईवर आली, तिथेच आमची आखणी फसली होती. तिने तो खाली ठेवला, याचा राग तिच्यावर काढू नकोस."

चार्वी उठली आणि आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. आईचा हात तिच्या केसांवर आला.

हेमांगी कामावर परतली. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. महिन्याभराने दाराबाहेर लाल बटण बसलं. चाचणीच्या दिवशी सगळे कामगार जमले, चार्वीही गेली. व्यवस्थापक म्हणाले, "कोण दाबून बघतंय? दाबणाऱ्याचं नाव नोंदलं जाईल हं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाचा पाय पुढे पडेना.

हेमांगी पुढे झाली आणि तिने बटण दाबलं. भोंगा असा कोकलला की चार्वीने कान झाकले. दार सुटलं. आतली गार हवा बाहेर आली. रांगेने रिकाम्या टाक्या दिसल्या आणि कोपऱ्यात ती एकच भरलेली. तिच्यातल्या फांद्या तपकिरी होत्या, जिवंत प्रवाळाच्या रंगाच्या. त्यांचेच तुकडे वाढवून बाकीच्या टाक्या भरायला कितीतरी वर्षं लागणार होती.

"कारण काय लिहू?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"आज चाचणी लिहा," हेमांगी म्हणाली. "खरी वेळ येईल तेव्हाही दाबेन. आणि उत्तर द्यायला इथेच उभी राहीन."