सायकल समिती आणि माझं मौन

"जप पुरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुणी हाक मारली तर हातानं खुणव. देवाला दिलेला वेळ मधूनच परत मागू नये, बाई."

आत्याचं हे सांगणं मी लहानपणी ऐकलं आणि अजून पाळते. घरातून निघताना माळ कोटाच्या खिशात असते, आणि नगरपालिकेच्या पायरीपाशी जप संपतो. तोवर मी मुकी.

त्या सकाळी नदीवर धुकं होतं. पुलाच्या तोंडाशी, वळणावर, एक तरुण सायकल हातात धरून उभा होता.

"जरा सांगता का... नगरपालिकेची नवी इमारत कुठल्या बाजूला?"

मी बोटानं पूल दाखवला.

"सरळ?"

मी मान हलवली. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. गृहस्थाला वाटलं, मी जन्माचीच मुकी! हसू आलं, ते मी रुमालात दडवलं.

"मी पण तिकडंच निघालोय. चालू बरोबर?" म्हणत तो सायकल ढकलू लागला, आणि बोलू लागला. "तुम्ही म्हणाल, सायकल आहे तर बसत का नाही? या वळणावर नाही बसवत. माझी ताई इथंच पडली. बस कडेनं वळली आणि तिला जागाच उरली नाही. पाय वाचला, पण गुडघा आता वाकत नाही. मला सायकल तिनंच शिकवलेली..."

मी त्याच्याकडं बघितलं. तो समोर बघत होता.

"आज सायकल सल्लागार समितीच्या मुलाखती आहेत. बिनपगारी काम, पण रस्ता कसा हवा ते तिथं सांगता येतं. या वळणावर सायकलींना वेगळी वाट करून घेईन, असा ताईला शब्द दिलाय. पण मुलाखतीत हे रडगाणं कसं गायचं? म्हणून भाषण पाठ केलंय. तुम्हाला म्हणून सांगतो."

पायरी आली. तो सायकल लावायला वळला, मी माळ डोळ्यांना लावून आत गेले.

मुलाखती आमच्या मॅडम घेत होत्या. उमेदवारांना आत बोलावणं, नोंदी ठेवणं माझ्याकडं होतं. पुढं त्या समितीची चिटणीसही मीच होणार होते. दार उघडून मी म्हटलं, "पुढचे उमेदवार, आत या."

तो अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

"तुम्ही... बोलता?"

"पगार त्याचाच मिळतो."

त्याचे कान लाल झाले. आत जाऊन त्यानं सुरुवात केली, "स्वच्छ हवा, सुदृढ नागरिक..." आणि नजर माझ्याकडं गेली. गाडी अडली. जिनं खरं ऐकलंय तिच्यासमोर पाठांतर कसं म्हणायचं? मग त्यानं सकाळचंच सांगितलं — ताई, वळण, गुडघा. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो पुलाशी हजर.

"मौनीबाई, फसवलंत की मला!"

मग रोजचंच झालं. तो चष्मे करायचा आणि म्हाताऱ्या माणसांना सायकलवरून घरपोच द्यायचा. मला मात्र पायी पोचवायचा. वाटभर तो बोलणार, उत्तर पायरीपाशी मिळणार.

"तुमच्याशी भांडण झालं तर पूल संपेपर्यंत मीच जिंकणार."

"आणि पायरीपासून पुढं?"

"पुढं मी कामाला पळतो ना!"

एकदा म्हणाला, "डोळे तपासून घ्या."

"कशाला? मला लांबचं स्पष्ट दिसतं."

"आणि... जवळचं?"

मी भराभर पायऱ्या चढले. त्या दिवशी नोंदींत दोनदा खाडाखोड झाली.

अंतिम निवडीच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बजावलं, "निवडीच्या टेबलावरच्या कुणाचं जवळचं माणूस उमेदवार असेल, तर आधी सांगा आणि टेबलावरून उठा, समितीचं कामही सोडा. लपवलेलं नंतर कळलं, तर त्या उमेदवाराचं नाव बाद." बाहेर फलकावरही तसंच लागलं.

ही समिती व्हावी म्हणून किती वर्षं मी या खोलीतून त्या खोलीत फायली नेल्या होत्या! आता चिटणिसाची खुर्ची समोर आली, आणि उठायचं? आणि गप्प राहावं, तर त्याच्या ताईची वाट बुडणार.

सकाळी तो भेटला. दाढी नव्हती केलेली.

"फलक वाचला. मी अर्ज मागं घेतो."

माझं बोट मण्यावर थांबलं.

"का ते विचारू नका... म्हणजे आत्ता विचारणार नाहीच तुम्ही. तुम्ही मला जवळच्या वाटता. फार. तुमच्या बाजूनं काय आहे, ठाऊक नाही. नुसती मान हलवा ना... हो की नाही?"

मी मान हलवली नाही.

तो सायकल ढकलत राहिला. सायकलच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. पूल इतका लांब कधीच नव्हता. नाव देवाचं घेत होते, आणि देवालाच म्हणत होते — एवढी पायरी लवकर आण.

पायरी आली. मी माळ खिशात ठेवली.

"मान हलवून सांगण्यासारखं नव्हतं ते," मी म्हटलं. "म्हणून थांबवलं. हो."

"हो म्हणजे...?"

"हो म्हणजे हो! चष्मेवाल्याला इतकं जवळचं दिसू नये?"

तो हसला, आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसले. "मग तर अर्ज मागं घ्यायलाच—"

"खबरदार! ताईला शब्द तुम्ही दिलाय. टेबलावरून मी उठते."

"अहो, तुमची समिती आहे ती!"

"समिती गावाची. माझी नुसती खुर्ची."

"आणि मॅडम चिडल्या, दोघांनाही बाहेर काढलं तर?"

"तर दोघं बाहेर. पण लपवून आत नाही."

"तुम्हाला जड जाईल..."

"जाईल," मी म्हटलं. "पण बैठकीच्या आधी सांगते त्यांना. शब्द."

वर मॅडमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. मी कोटाचं वरचं बटण लावलं आणि जिना चढू लागले.