लिंबाखालचा थांबा

त्या वर्षी श्रावण कोरडाच गेला. धारूरच्या डोंगराखालच्या त्या गावात टँकर दिवसाआड यायचा, आणि घरटी चार घागरी पाणी मिळायचं. अशा दिवसांत तुळजानं एका अनोळखी माणसाला तांब्याभर पाणी दिलं, तेव्हा तिची आई चतुराबाई दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

पंचविशीचा उंचापुरा गडी होता तो. दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेऊन सकाळी मळ्याकडून आला, तुळजाच्या दारातल्या कडुलिंबाखाली थांबला आणि खोडाला टेकून उभा राहिला... तिच्याकडे बघत. निदान तिला तरी तसंच वाटलं.

"पाणी पायजे का?"

"टँकरचं आसंल. राहू द्या."

"मग काय, लिंबाचा पाला मोजायलात व्हय?"

तो हसला, पण ओठ घट्ट मिटून. "मोजून झाला की सांगतो," म्हणाला. पाणी प्याला आणि दूध सोसायटीच्या डेअरीकडे निघून गेला.

गहिनीनाथ त्याचं नाव. धर्मापुरीकडचा. थोरली बहीण विमलबाई इथल्या मळ्यावर नांदत होती, तिच्याकडे तो राहायला आला होता. तिच्या दोन म्हशींचं दूध डेअरीवर घालायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. परतताना तो कुणाच्या तरी बैलगाडीत बसून जायचा. येताना मात्र पायी... आणि रोज त्याच लिंबाखाली थांबायचा.

गावात थांबायला जागा काय कमी होत्या? तुळजाच्या मनानं घ्यायचं ते घेतलं. ती पहाटेच वेणी घालू लागली. अंगण झाडायचं काम नेमकं त्याच वेळी निघू लागलं. बोलणं चार वाक्यांचं, पण ती चार वाक्यं तिला दिवसभर पुरायची.

भाद्रपदात चकलांब्याचं स्थळ आलं. मुलगा ऊसतोडीला जाणारा, धडधाकट. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादमाला अर्धा कोयता नकोच असतो. म्हणून मुहूर्त न बघता दसऱ्याच्या आत लग्न उरकायची त्यांना घाई होती.

"कावून न्हाई म्हणतीस?" चतुराबाई कळवळून म्हणाली. "आसं पोरगं पुन्हा मिळायचं न्हाई."

तुळजानं कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मात्र सांगितलं.

"चकलांब्याचं स्थळ मोडलं मी."

"कावून?"

"तुमी रोज थांबता... म्हणून."

गहिनीनाथचा चेहरा उतरला. त्यानं किटल्या खाली ठेवल्या.

"मी तुमच्यासाटी न्हाई थांबत," तो हळूच म्हणाला. "पाय थांबवतो मला. गेल्या साली ऊसतोडीला गेलतो. मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पोटरी दगडावानी झाली. मुकादमानं घरी धाडलं. अंबाजोगाईला डॉक्टरला दाखवलं, तर म्हणले, बिडीनं पायातल्या रगताच्या नळ्या आवळल्यात. गावाला चार टँकर लागावेत आन एकच यावा, तसं झालंय. बसून ऱ्हायलं तर भागतं. चालाय लागलं की पोटरी उपाशी पडती, कळ मारती. मळ्यापासून तुमच्या लिंबापतुर पुरतं... फुडं न्हाई."

"मग विलाज?"

"बिडी बंद. आन रोज चालायचं. दुखंपतुर चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पल्ला वाढंल म्हणले. न्हाई वाढला तर..." त्यानं पायाकडे पाहिलं.

"आदी कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी चांगलं बोलत होता," तो म्हणाला. "सांगितलं आसतं तर कीव केली आसती."

तुळजाच्या कानशिलांना चटके बसले. पोटरीच्या कळेपायी आपण चांगलं स्थळ मोडलं! ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्याच्या येण्याच्या वेळी दार आठ दिवस बंद राहिलं. गहिनीनाथला मात्र तिथंच थांबावं लागायचं. दुसरा रस्ता नव्हता, आणि पाय लिंबापुढं जात नव्हता. तुळजा दाराच्या फटीतून बघायची. ज्याला ती डोळाभर बघणं समजत होती, ते कळ सोसणं होतं. दुमडलेल्या विजारीखाली डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक दिसत होती. हात सवयीनं बिडीसाठी खिशाकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. तो बंद दाराकडे बघत नव्हता, मान खाली घालून उभा राहायचा. तिला आधी राग होता. मग राग कधी गेला, तिलाही कळलं नाही. प्रेम मात्र गेलं नव्हतं, आणि याचंच तिला भय वाटलं.

नवव्या दिवशी तिनं ओट्यावर भरलेला तांब्या ठेवला. तो पाणी पिऊन गेला.

दसरा झाला. लिंबाखालचं त्याचं थांबणं थोडं थोडं कमी होत गेलं. दिवाळीनंतर ट्रक आले आणि कोयते घेऊन गेले. गाव रिकामं झालं. चकलांब्याच्या मुलाचं दुसरीकडे लग्न झाल्याचंही कळलं.

आणि एका सकाळी गहिनीनाथ लिंबाखाली थांबलाच नाही.

तुळजा तांब्या घेऊन उभी होती. तो सरळ चालत गेला, मारुतीच्या पारापुढं गेला, दिसेनासा झाला. तिला आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं. आता त्याला या दाराची गरज नव्हती. तिनं पाणी परत रांजणात ओतलं. टाकून द्यायचे दिवस नव्हते.

तासाभरानं अंगणात किटल्यांचा आवाज झाला. तो पायीच परत आला होता.

"दुखला पाय?" ती धावत बाहेर आली.

"न्हाई. थेट डेअरीपतुर गेलो. एकदाबी थांबलो न्हाई."

"मग आता कावून थांबलात?"

"आज पायाचं काई म्हणणं न्हाई, तुळजा. मीच थांबलो."

तोच पुढं म्हणाला, "पण आयकून घे. आजार जायचा न्हाई, आंगातच ऱ्हाणार. कोयता मला जन्मात धरता यायचा न्हाई. माझ्यासंगं तुझं..."

"पाला मोजून झाला का?" तिनं मधेच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

त्यानं वर लिंबाकडे पाहिलं. "लई हाय," तो म्हणाला. "एकट्याचं काम न्हाई."

"मग एक किटली इकडं द्या. मळ्यापतुर मी येते. दुखंल तितं दोघं थांबू."

चतुराबाई दारात येऊन कधीची उभी होती. तिनं दोघांकडे एकदा नीट पाहिलं. मग आत गेली, आणि रांजणातून स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेऊन आली.